यकृतातील सूक्ष्म पित्तमार्गांची नावे : एका परिभाषाविषयक निबंधाचे परीक्षण

इ. स. २००४ मध्ये ‘हिपॅटॉलॉजी’ ह्या यकृतविषयक नियतकालिकात तानिया रॉस्कॅम्स, नील थीस आणि अनेक देशांतील त्यांचे सहकारी ह्यांचा एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. मानवी यकृतातील पित्तवृक्षाच्या सूक्ष्म शाखांना कोणत्या नावांनी ओळखावे, हा त्याचा विषय. लेखक यकृताच्या विकृतिशास्त्राचे व यकृतरोगांचे तज्ज्ञ. भाषाशास्त्राशी त्यांचा व्यावसायिक संबंध नाही. तथापि परिभाषा कशी बनते, कशी बिघडते आणि कोणत्या निकषाने तिची दुरुस्ती करावी, ह्या प्रश्नांचा इतका जागरूक विचार आपल्या शास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळतो. परिभाषेच्या अभ्यासक्रमात आपण विद्यार्थ्यांपुढे नेहमी कायद्यातले किंवा प्रशासनातले शब्द ठेवतो. तेथे चुकीचा शब्द बहुधा गैरसोय करतो. येथे तो रोगाचे निदान चुकवू शकतो. म्हणून ह्या निबंधाचे परीक्षण भाषाशास्त्राच्या बाजूने करणे अप्रस्तुत होणार नाही. त्यातील वैद्यकीय सिद्धांतांचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखकास अधिकार नाही. शब्दांविषयी मात्र चार गोष्टी बोलण्यासारख्या आहेत.

विषय बहुतेक वाचकांस अपरिचित असल्याने प्रथम वस्तू पाहू. पित्त यकृतपेशींत तयार होते. शेजारच्या दोन यकृतपेशींच्या अंगांमध्ये जी अरुंद फट राहते तिच्यात ते प्रथम उतरते. ह्या फटीची रुंदी सुमारे १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिला स्वतःची भिंत नाही. दोन पेशींची आवरणे हीच तिची भिंत. तिला कॅनालिक्युलस म्हणतात. अशा फटी एकमेकींस मिळत मिळत यकृतखंडिकेच्या कडेकडे जातात. वाटेत एक चमत्कारिक टप्पा लागतो. मार्गाच्या एका अंगास यकृतपेशी असतात, तर दुसऱ्या अंगास निराळ्या जातीच्या, नलिकेचे अस्तर बनविणाऱ्या पेशी असतात. हा हेरिंगचा कॅनाल. पुढे यकृतपेशी संपतात आणि चहूबाजूंनी नलिकापेशीच येतात, तो डक्ट्यूल. रोहिणी, पोर्टल शीर आणि पित्तनलिका ह्यांचे जुडगे जेथून जाते त्या पोर्टल क्षेत्रात शिरून हा डक्ट्यूल आंतरखंडिकीय डक्टला मिळतो. प्रचलित मोजमापानुसार १५ मायक्रॉनपर्यंत व्यासाचा तो डक्ट्यूल, १५ ते १०० पर्यंतचा तो आंतरखंडिकीय डक्ट; त्यापुढे पायरीपायरीने वाढत ८०० मायक्रॉनहून मोठे, शल्यवैद्याच्या डोळ्यांस दिसणारे डक्ट येतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रक्त पोर्टल क्षेत्राकडून खंडिकेच्या मध्याकडे वाहते आणि पित्त नेमके उलट, मध्याकडून पोर्टल क्षेत्राकडे. ह्या उलट प्रवाहाचा शब्दांशी काय संबंध, ते पुढे येईल.

ज्यांचे नाव मधल्या टप्प्यास मिळाले ते एवाल्ट हेरिंग (१८३४–१९१८) रंगदृष्टीच्या सिद्धांतामुळे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेत. पृष्ठवंशी प्राण्यांच्या यकृताच्या रचनेचा त्यांनी १८६०च्या दशकात अभ्यास केला आणि फट व नलिका ह्यांच्यामधला दुवा दाखविला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या इवल्याशा जागेवर नावांची गर्दी झाली. कोणी तिला कोलँजिओल म्हणाले, कोणी अंत्य डक्ट्यूल, कोणी मधला तुकडा. ह्यात एका वस्तूस अनेक नावे असती तर फारसे बिघडले नसते; पर्यायशब्द हा भाषेचा नित्याचा व्यवहार आहे. पण कोलँजिओल हा शब्द एक लेखक हेरिंगच्या कॅनालसाठी वापरी, तर दुसरा त्याच्या पुढच्या डक्ट्यूलसाठी. एकाच शब्दाने शेजारच्या दोन निरनिराळ्या वस्तू दाखवावयाच्या, आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावयाचे, ही स्थिती बोलीत चालते; सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याचे वर्णन करताना चालत नाही, कारण तेथे संदर्भ म्हणजे तो तुकडाच आणि तो वाचणाऱ्यापुढे नसतो.

शब्दांची घडण पाहिली तर गोंधळाचे एक मूळ सापडते. लॅटिनमधील ‘कॅनालिस’ ह्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप कॅनालिक्युलस, ‘डक्टस’चे डक्ट्यूलस. कोलँजिओलमध्ये ग्रीक ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘आंगेइऑन’ म्हणजे पात्र किंवा वाहिनी, आणि शेवटी पुन्हा लघुत्वाचा प्रत्यय. म्हणजे तीन धातुकुळे, आणि तिन्हींत भेद दाखविण्याचे साधन एकच: लहानपणा. त्यातही व्यवस्था नाही. हेरिंगचा कॅनाल डक्ट्यूलच्या अलीकडचा आणि त्याहून बारीक, पण त्याच्या नावात लघुप्रत्यय नाही; जाड डक्ट्यूलला मात्र आहे. नावावरून मोठेपणाचा क्रम लावू पाहणारा विद्यार्थी ह्या ठिकाणी हमखास चुकतो.

रॉस्कॅम्स-थीस निबंधाचे खरे महत्त्व येथे आहे. त्याने लहानमोठेपणाचा निकष बाजूस सारून भिंतीचा निकष पुढे आणला. ज्याच्या भिंतीत यकृतपेशीही आहेत आणि नलिकापेशीही आहेत तो हेरिंगचा कॅनाल. ज्याची भिंत संपूर्णपणे नलिकापेशींची तो डक्ट्यूल, मग तो खंडिकेच्या आत असो की पोर्टल क्षेत्रात असो. ह्या व्याख्येत मायक्रॉन नाहीत, लघुप्रत्ययाचा आधार नाही, स्थानाचाही आग्रह नाही. वर्णविचारात आपण ध्वनीचे सर्व गुण न मोजता भेदक गुण तेवढा मोजतो. ‘त’ आणि ‘थ’ ह्यांच्या उच्चारास किती क्षण लागले हे न पाहता महाप्राणत्व पाहतो. निबंधकारांनी तेच केले आहे. नवे शब्द न घडविता जुन्याच शब्दांच्या सीमा त्यांनी एका भेदक गुणावर बसविल्या, ह्यात त्यांचा विवेक दिसतो. परिभाषेत नवा शब्द घडविणे हे पुष्कळदा आळसाचे काम असते.

स्थानाचा आग्रह का सोडावा लागला, ह्याचे कारण १९९९ मध्ये थीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात आहे. केराटिन-१९ हे प्रथिन नलिकापेशींत असते, यकृतपेशींत नसते. त्या प्रथिनाचे रंजन करून मानवी यकृताचे लागोपाठचे पातळ छेद पाहिले, तेव्हा खंडिकेच्या आत एकट्यादुकट्या वाटणाऱ्या रंगीत पेशी एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या. एका छेदात त्या सुट्या ठिपक्यांसारख्या दिसतात. छेदांची थप्पी जुळविली की त्यांचा मार्ग होतो. हेरिंगचा कॅनाल कडेवरचा आखूड सांधा नसून खंडिकेत आत शिरलेला मार्ग आहे, असे त्यामुळे ठरले. ज्यांनी नावात ‘कडेचा’ किंवा ‘सीमेवरचा’ असे विशेषण घातले असते, त्यांस ते त्या वर्षी पुसावे लागले असते.

ह्या नावांच्या भांडणात रुग्णाचे काय जाते, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. उत्तर साधे आहे. काही रोगांत आंतरखंडिकीय डक्ट एकेक करून नष्ट होतात. यकृताचा सुईने काढलेला बारीक तुकडा पाहून वैद्य पोर्टल क्षेत्रे मोजतो आणि त्यांतील कितींत डक्ट शिल्लक आहे हे पाहतो. निम्म्याहून अधिक क्षेत्रांत तो नसेल तर डक्ट-ऱ्हास झाला असे मानतात. परंतु ज्या यकृतास इजा झाली आहे त्याच यकृतात पोर्टल क्षेत्राच्या कडांवर डक्ट्यूलांची नवी दाटी होण्याचाही संभव असतो. खरा डक्ट क्षेत्राच्या आत, साधारण आपल्याच जाडीच्या रोहिणीच्या सोबतीने असतो; डक्ट्यूल कडेला असतात आणि त्यांना अशी सोबत नसते. जो हा भेद पाळत नाही आणि दिसेल त्या नलिकेस ‘लहान पित्तनलिका’ म्हणून मोजतो, त्याच्या अहवालात नलिका पुरेशा, किंबहुना भरपूर ठरतात. यकृतातील खऱ्या नलिका मात्र नाहीशा झालेल्या असतात. शब्दाची सीमा पुसली की संख्या चुकते.

‘लहान’ ह्या विशेषणाविषयी निबंधात पुरेसा विचार नाही, ही प्रस्तुत लेखकास त्याची मोठी उणीव वाटते. आज यकृतरोगांच्या वाङ्मयात लहान डक्ट हा प्रयोग निदान तीन अर्थांनी रूढ आहे. मानवी यकृताच्या विकृतिशास्त्रात आंतरखंडिकीय डक्ट, म्हणजे १०० मायक्रॉनपर्यंतचे मार्ग, लहान समजले जातात. उंदीरवर्गीय प्राण्यांवर काम करणाऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या लेखी १५ मायक्रॉनच्या आतला मार्ग लहान आणि त्यावरचा मोठा. त्यांचा ‘मोठा’ डक्ट मानवी विकृतिशास्त्रात निःसंशय लहान ठरेल. तिसरा अर्थ चित्रणाचा. प्राथमिक स्क्लेरोझिंग कोलँजायटिस ह्या रोगात मोठ्या नलिकांचे चित्र घेतले असता ठिकठिकाणी आवळलेले मणी दिसतात. परंतु काही रुग्णांत चित्र निर्दोष येते आणि रोग केवळ तुकड्यात सापडतो. त्या प्रकारास ‘लहान डक्टचा’ रोग म्हणतात. येथे लहान ह्याचा अर्थ ‘यंत्राला न दिसणारा’ एवढाच आहे. यंत्र सुधारले की ह्या लहानपणाची सीमा सरकणार. विशेषण वस्तूचे असल्यासारखे दिसते, पण असते पाहणाऱ्याचे. सापेक्ष विशेषणांचा हा स्वभाव व्याकरणाच्या पहिल्या वर्षात शिकविला जातो, तरी शास्त्रीय लेखनात तो विसरला जातो.

आता वृक्षाच्या रूपकाकडे वळू. निबंधाच्या शीर्षकातच पित्तवृक्षाच्या सूक्ष्म शाखा आहेत. हे रूपक इतके जुने आणि इतके मुरलेले आहे की ते रूपक आहे ह्याची लेखकांस जाणीवही नसावी. शरीररचनाशास्त्रज्ञ खोडापासून निघतो. त्याची सुरी किंवा त्याने सोडलेला रंग मोठ्या नलिकेतून लहान नलिकेकडे जातो. म्हणून त्याच्या दृष्टीने मोठी नलिका खोड आणि बारीक नलिका शेंडा. पित्त मात्र शेंड्याकडून खोडाकडे येते. जे शास्त्रज्ञाच्या प्रवासाचे शेवटचे ठिकाण ते पित्ताच्या प्रवासाचे पहिले ठिकाण. ‘अंत्य डक्ट्यूल’ ह्या नावात हा विरोध उघडा पडतो: अंत्य कोणाच्या दृष्टीने? श्वसनमार्गात हवा दोन्ही दिशांनी जाते, रोहिणीत रक्त खोडाकडूनच फांदीकडे जाते. तेथे ‘अंत्य’ शब्द खटकत नाही. येथे खटकतो. ह्या मार्गांचे वर्णन नदी आणि तिला मिळणारे ओढे ह्या रूपकाने केले असते तर अधिक सरळ झाले असते.

वृक्षाच्या रूपकास गर्भविज्ञानाचा आधार आहे, असे कोणी म्हणेल. यकृताच्या मुखापासून कडेकडे अशा क्रमाने नलिका आकार घेतात आणि जन्मानंतरही काही काळ हे काम चालू असते, हे खरे. परंतु ह्या नलिका खोडाला फुटलेल्या फांद्या नव्हेत. पोर्टल शिरेच्या भोवती प्रथम पेशींचे एक पटल तयार होते, मग त्या पटलाचा काही भाग जागच्या जागी नलिका बनतो आणि उरलेला विरून जातो. क्रम झाडासारखा, कृती झाडासारखी नाही. फुप्फुसाच्या बाबतीत फांदी फुटणे हा शब्द अक्षरशः खरा आहे. यकृताच्या बाबतीत तो केवळ शेजाऱ्याकडून उसना घेतलेला आहे.

निबंधकारांनी स्वतः उसनवारीचा एक प्रश्न उपस्थित केला आहे, आणि तो त्यांच्या लेखनातील सर्वांत मार्मिक भाग होय. यकृताच्या पुनर्जननाविषयीचे पुष्कळसे ज्ञान उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेले. त्यामुळे मानवी यकृताविषयी बोलतानाही आपण ज्या प्राण्याशी आपले फारसे साम्य नाही त्याच्यासाठी बनलेली भाषा वापरतो, अशी त्यांची तक्रार आहे. उदाहरणार्थ, ‘अंडाकृती पेशी’ हे नाव १९५६ मध्ये इमॅन्युएल फार्बर ह्यांनी विषारी द्रव्ये दिलेल्या उंदरांच्या यकृतातील पेशींच्या संदर्भात वापरले. मानवी यकृतातील समकक्ष पेशी तशाच दिसतात, तशाच वागतात, हे गृहीत धरण्याचे कारण नव्हते. तरी नाव आले आणि नावाबरोबर गृहीतही आले. जाता जाता हेही सांगण्यासारखे की, प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरास, ज्याला इंग्रजीत रॅट म्हणतात त्याला, पित्ताशयच नसते. पित्तमार्गांविषयीची इतकी परिभाषा ज्याच्यावरून बनली त्या प्राण्याच्या पित्तमार्गात एक मुख्य अवयव नसावा, हा योगायोग विनोदी खरा.

मात्र ही तक्रार करताना निबंधकार अर्ध्या वाटेवर थांबले. उंदराची भाषा त्यांस खुपली. डुकराची खुपली नाही. खंडिका, आणि म्हणून आंतरखंडिकीय, हे शब्द घ्या. मार्चेल्लो मालपीगी ह्यांनी १६६६ मध्ये यकृतातील खंडिकांचे वर्णन केले आणि फ्रान्सिस कियर्नन ह्यांनी १८३३ मध्ये त्यांस आजचे रूढ स्वरूप दिले. डुकराच्या यकृतात संयोजी ऊतीच्या पडद्यांनी प्रत्येक खंडिका शेतातल्या वाफ्यासारखी वेगळी दिसते. निरोगी मानवी यकृतात असे पडदे नाहीत आणि खंडिकेची कड बहुतांशी कल्पनेने आखावी लागते. १९५४ मध्ये रॅपापोर्ट ह्यांनी रक्तपुरवठ्याच्या आधारे अॅसिनस हा निराळाच घटक सुचविला, तो ह्याच अडचणीमुळे. जेथे दोन खंडिकांमधली सीमाच दिसत नाही तेथे त्यांच्या ‘आंतर’ असणारा डक्ट कसा ओळखावा? प्रत्यक्षात तो पोर्टल क्षेत्रावरून आणि सोबतच्या रोहिणीवरून ओळखला जातो, खंडिकेवरून नव्हे. म्हणजे नाव एका लक्षणाने आणि ओळख दुसऱ्याच लक्षणाने. भिंतीचा निकष खालच्या दोन पायऱ्यांना लावणाऱ्या निबंधकारांनी तिसऱ्या पायरीवर जुने नाव तसेच राहू दिले, ह्याचे समर्थन रूढीखेरीज दुसरे देता येत नाही.

ह्याउलट त्यांचा आणखी एक निर्णय निःसंशय बरोबर आहे. इजा झालेल्या यकृतात डक्ट्यूलांची जी दाटी होते तिला पूर्वी सर्रास ‘डक्ट्यूलांचे प्रगुणन’ म्हणत. प्रगुणन म्हणजे आधीच्या डक्ट्यूलांपासून नवे डक्ट्यूल होणे. हे नाव वर्णनाच्या वेषात आलेले अनुमान आहे. ती दाटी आधीच्या डक्ट्यूलांपासून झाली असेल, हेरिंगच्या कॅनालमधील पूर्वज-पेशींपासून झाली असेल, किंवा यकृतपेशींनीच रूप पालटले असेल. छेदाकडे नुसते पाहून हे ठरत नाही. म्हणून निबंधकारांनी ‘डक्ट्यूलर प्रतिक्रिया’ हे नाव पत्करले. ते सर्वस्वी नवे नव्हते. हान्स पॉपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच जवळपास ह्याच शब्दांत त्या घटनेचे वर्णन केले होते. प्रतिक्रिया हा शब्द कमी सांगतो. तोच त्याचा गुण.

ह्याच न्यायाने प्रस्तुत लेखक एका लोकप्रिय मताच्या विरुद्ध जाऊ इच्छितो. शास्त्रीय परिभाषेत व्यक्तिनामे नसावीत, हे मत शरीररचनाशास्त्रज्ञांनी १९५५ च्या पॅरिस नामावलीत तत्त्व म्हणून स्वीकारले, आणि आपल्याकडील परिभाषाकारही ते मोठ्या निष्ठेने सांगतात. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण हेरिंगचा कॅनाल ह्या नावातील ‘हेरिंग’ काहीच सांगत नाही, म्हणूनच दीडशे वर्षांत त्या वस्तूविषयीचे ज्ञान दोनतीनदा पालटले तरी नाव खोटे पडले नाही. ‘कडेचा सांधा’ खोटा पडला असता. वर्णनात्मक नावाचे काय होते ह्याचे उदाहरण शेजारीच आहे. लेनेक ह्यांनी १८१९ मध्ये ‘किर्रोस’, म्हणजे पिंगट, ह्या ग्रीक शब्दावरून सिरोसिस हे नाव घडविले. त्यांनी यकृताचा रंग पाहिला. पुढे रंग विसरला गेला आणि शब्दास घट्ट, गाठाळलेल्या यकृताचा अर्थ आला. मग १९५० च्या सुमारास लहान नलिकांच्या एका चिवट रोगास प्राथमिक पित्तज सिरोसिस हे नाव रूढ झाले. त्या रोगात आधी आंतरखंडिकीय डक्टांचा नाश होतो. सिरोसिस झालाच तर पुष्कळ उशिरा होतो, आणि वेळीच उपचार मिळालेल्या बहुतेकांना तो होतही नाही. तरी रुग्णांस सिरोसिसचे नाव आणि त्याबरोबर मद्यपानाचा संशय सोसावा लागे. अखेर २०१५ मध्ये, रुग्णांच्या संघटनांच्या आग्रहाने, सिरोसिस जाऊन कोलँजायटिस आले. आद्याक्षरे मात्र पीबीसी हीच राहिली. बहुधा त्यामुळेच बदल सुकर झाला. लोक ज्यास नाव समजून वापरतात ते पुष्कळदा आद्याक्षरांचे जुडगेच असते, आणि जुडग्यास अर्थ नसल्याने त्यास सुधारणेची गरज पडत नाही.

निबंधकारांच्या साखळीत कोलँजिओलला जागा नाही. म्हणून तो शब्द मेला असे मात्र नाही. नलिकापेशींच्या कर्करोगाचा एक प्रकार १९५९ पासून कोलँजिओलच्या नावाने ओळखला जातो आणि आजही कोलँजिओलोकार्सिनोमा ह्या समासात तो शब्द सुखाने नांदत आहे. एकटा शब्द लोपावा आणि समासात किंवा वाक्प्रचारात उरावा, हे आपल्यास नवे नाही. ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ म्हणणाऱ्यास विश्वा म्हणजे विसावा हिस्सा हे ठाऊक असण्याची गरज नसते. पण वाक्प्रचारात ह्याने बिघडत नाही, शास्त्रात बिघडते: कोलँजिओल म्हणजे काय हे न ठरविता त्याच्या कर्करोगाची व्याख्या कशी करणार?

मराठीचा प्रश्न आता घेऊ. वैद्यकाचे उच्च शिक्षण आपल्याकडे इंग्रजीतून होते. परंतु रुग्णास समजावून सांगणे, कोशांत नोंदी करणे आणि पदवीपूर्व पुस्तके लिहिणे ही कामे मराठीत होतात व व्हावयास हवीत. अशा वेळी परिभाषाकाराचा हात आपोआप सूक्ष्म, लघु, उप ह्या उपसर्गांकडे जातो: पित्तनलिका, लघुपित्तनलिका, सूक्ष्मपित्तनलिका, उपनलिका. वर ज्या लघुप्रत्ययांच्या पसाऱ्याने युरोपीय परिभाषा अडचणीत आली त्याचेच हे संस्कृत भाषांतर. नलिका ह्या शब्दातच ‘इका’ हा लघुत्वाचा अंश आहे, म्हणजे सूक्ष्मनलिका हा लहानाचाही लहान. आणि सूक्ष्म अधिक लहान की लघु, हे सांगणारा कोणता नियम मराठीत आहे?

भिंतीचा निकष मराठीस फार सोयीचा आहे, कारण तो भेद आपल्या भाषेत आधीच आहे. चर आणि नळी. चर जमिनीत खणलेला असतो. त्यास स्वतःची भिंत नाही, दोन्ही बाजूंची माती हीच त्याची भिंत. मृदसंधारणाच्या कामांमुळे ‘सलग समतल चर’ हा प्रयोग आज सरकारी कागदांतही आहे आणि शेतकऱ्याच्या तोंडीही. नळीस मात्र स्वतःचे अंग असते, ती उचलून दुसरीकडे ठेवता येते. यकृतपेशींमधली फट हा चर. डक्ट्यूल आणि डक्ट ह्या नळ्या. अडचण एवढीच की चर हा शब्द समासात चालत नाही. ‘पित्तचर’ म्हटले की संस्कृत शिकलेल्या कानास जलचर, निशाचर आठवतात आणि पित्तात संचार करणारा एखादा जंतू डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘पित्ताचा चर’ असे सुटे लिहावे, किंवा समास हवाच असेल तर ‘पेशीचर’ऐवजी ‘आंतरपेशीय फट’ असे साधे बोलावे. हेरिंगचा कॅनाल अर्धा चर आणि अर्धी नळी. त्यासाठी मराठीत शब्द नाही, आणि नाही म्हणूनच ‘हेरिंगचा मार्ग’ राहू द्यावा. डक्ट्यूल व डक्ट ह्यांत भेद हवा तर तो आकाराने न करता सोबतीने करावा: रोहिणीची जोडी असलेली ती ‘सहचर नलिका’, नसलेली ती ‘कडेची नलिका’ नव्हे, कारण ती खंडिकेच्या आतही असू शकते, तिला ‘जोडनलिका’ म्हणणे बरे. हे शब्द रुजतील असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. निकष कोणता असावा एवढेच त्यांवरून दिसावे.

सर्वांत अवघड शब्द मात्र ह्यांपैकी कोणताच नव्हे. तो पित्त हा आहे. मराठी घरात पित्त झाले म्हणजे छातीत जळजळते व आंबट ढेकर येतात. तो जठरातील आम्लाचा विकार. अंगावर पित्त उठले म्हणजे गांधी येतात; तो त्वचेचा. पित्त खवळले म्हणजे राग आला. आयुर्वेदातील पित्त हा दोष असून त्याची व्याप्ती आणखी निराळी. ह्या चारांतील एकही पित्त हेरिंगच्या मार्गाने वाहत नाही. आणि योगायोग असा की, लहान नलिकांच्या रोगात अंगास असह्य खाज सुटते, कित्येकदा कावीळ दिसण्याच्या पुष्कळ आधी. तेव्हा घरचे माणूस ‘पित्त उठले असेल’ असे म्हणते. शब्द अगदी बरोबर, वस्तू अगदी चूक. आणि शब्द बरोबर असल्यामुळेच वस्तू लवकर शोधली जात नाही. ‘तुमच्या पित्तनलिका नष्ट होत आहेत’ असे अशा रुग्णास सांगितले, तर तो आंबट खाणे सोडील. ‘यकृतरस’ असा एखादा पर्याय योजावा की ‘यकृतातले पित्त’ असे दोन शब्द नेहमी जोडीने वापरावेत, ह्याचा निर्णय कोशात बसून करण्याजोगा नाही. रुग्णांशी मराठीत बोलणाऱ्या वैद्यांनी आणि परिचारिकांनी कोणते शब्द वापरले असता काय समजले जाते, ह्याची नोंद आधी व्हावयास हवी. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घेतल्यास त्यास सामग्रीची उणीव पडणार नाही.